सव्वीस बिननावाच्या कॅसेटी घेऊन सिरोंच्याला

ब्रह्मपुरीहून सिरोंच्याला कोण जातं? बदली झालेला मास्तर जातो, तोही तोंड पाडून. सागवानाचा ठेकेदार जातो. कालेश्वरच्या देवाला जाणारे जातात. मी रेडिओ आणि टेप दुरुस्त करणारा माणूस, मला तिथं जायचं काही कारण नव्हतं. गेलो ते माझ्याच मूर्खपणाने. परत आल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "शब्बीरभाई, नऊ दिवस दुकान बंद, कुठी होते?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून घसा बसला. म्हणून लिहूनच काढतो आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला सत्यनारायण साहेबांचं घर आहे. साहेब मूळचे राजमहेंद्रीकडचे. पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते, तीस वर्षं या भागात कालवे खोदण्यात गेली, मग घर इथंच बांधलं. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली अम्मा म्हणते. अम्मांना दक्षिणेकडच्या गाण्याचा भारी नाद. वर्षानुवर्षं पहाटे उठून, रेडिओची सुई केसाएवढी सरकवत, मद्रास नाहीतर विजयवाडा पकडून त्यांनी सव्वीस कॅसेटी भरल्या होत्या. एका कॅसेटीत एकच राग, आणि वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईने तेलुगूत त्या रागाचं नाव. संध्याकाळी साहेब ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. टेप सुरू झाला की मान हलवत, रस्त्यावरच्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "वा! आज कांबोजी!" मी कित्येकदा सायकल थांबवून बघितलं आहे. वाटायचं, माणूस असावा तर असा.

पावसाळ्यात त्या कॅसेटींना बुरशी लागली. अम्मा लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला गेल्या होत्या. त्या यायच्या आत साफ करून ठेवाव्या म्हणून साहेब सगळा खोका माझ्याकडे घेऊन आले. बुरशी लागलेली कागदी कव्हरं त्यांनी आधीच जाळली होती. मी एकेक कॅसेट उघडली, आतली फीत काढून मऊ कापडाने पुसली, डब्यात नीट ठेवली. काम चोख झालं. इथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण फिती काढलेले कॅसेटींचे प्लास्टिकचे खोके मळके दिसत होते. म्हटलं, साहेबांचं काम आहे, चमकवून देऊ. सगळे खोके गरम पाण्याच्या बादलीत टाकले, वर साबणाचा चुरा टाकला आणि जेवायला गेलो. परत आलो तर पाणी निळं झालं होतं.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. मी म्हणालो, "साहेब, तुम्हाले तर सगळे राग समजते. एकेक लावतो, तुम्ही नाव सांगा, मी लिहितो."

साहेबांनी छताकडे बघितलं. म्हणाले, "मला सर्दी आहे. कानात दडे बसलेत."

"दोन दिवसांनी ऐका."

"ही सर्दी जुनी आहे," साहेब म्हणाले. "अम्मा बारा दिवसांनी येते. तोपर्यंत काहीतरी करा, शब्बीर. तिला चिठ्ठ्या दिसल्या पाहिजेत."

ब्रह्मपुरीत दुसरं कोण सांगणार? आमच्या भजनी मंडळींना यमन, भूप, मालकंस कळतो. मीही लग्नात कव्वालीच्या पार्टीत बेंजो वाजवतो, सारेगम कळतं. पण या कॅसेटींतलं गाणं वेगळंच होतं. तोच सा, तोच रे, पण कुठलाही सूर जागेवर उभाच राहत नव्हता. तेव्हा मला नसीम आपा आठवली. आपा म्हणजे माझी आतेबहीण. ती सिरोंच्यात दिलेली आहे. तिकडे तेलुगू बोलणारी माणसं पुष्कळ. मी फोन करून विचारलं, तर ती म्हणाली, "आमचा न्हावी राजय्या सनई वाजवते. लग्नात, मंदिरात. त्याले सगळं समजते म्हणते लोक. ये."

मी सव्वीस कॅसेटी, एक टेप आणि सेलचा डबा पिशवीत भरला आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

आलापल्लीच्या वाटेवर

गडचिरोली, चामोर्शी, आष्टी हा रस्ता तुम्हाला माहीत आहे, त्याचं काही सांगत नाही. आष्टीच्या पुढे जंगल लागतं आणि बसमधली माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. एका वळणावर पोलिसांनी बस थांबवली. त्या रस्त्याला हे रोजचंच. एक हवालदार आत चढले, बोलण्यावरून सातारा-सांगलीकडचे वाटले. त्यांनी माझी पिशवी उघडली. आत तारा, सेल, एक उघडा टेप आणि कसलंही नाव नसलेल्या सव्वीस कॅसेटी.

"काय आहे ह्यात?"

"गाणे आहेत, साहेब."

"कुठली गाणी?"

"तेच मालूम नाई."

"कॅसेटी तुझ्या आणि गाणी तुला माहीत नाहीत?"

"माह्या नाई, साहेब. मी फक्त धुतल्या."

मला पिशवीसकट खाली उतरवलं. झाडाखाली टेबल होतं, त्यावर टेप ठेवून एक कॅसेट लावली. एक बाई गाऊ लागली. शब्द नव्हतेच, नुसतं ता, द, री, ना. पाच मिनिटं गेली, सात गेली. हवालदार कान टेपला लावून ऐकत होते. मधूनच त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

"ही काय म्हणतेय?"

"अजून काही म्हटलं नाई, साहेब. सुरू व्हाचं आहे."

"मग एवढा वेळ काय करतेय?"

मी सांगितलं की आधी राग उलगडतात, मग गाणं म्हणतात. कोणता राग, असं त्यांनी विचारलं. तेच विचारायला सिरोंच्याला जातो आहे, असं मी म्हणालो. कोणाला विचारणार? न्हाव्याला. हे उत्तर देताना माझं मलाच खोटं वाटत होतं. तोपर्यंत बसमधली निम्मी माणसं खाली उतरून भोवती उभी राहिली होती. एक म्हातारी काखेत कोंबडी धरून उभी होती, ती म्हणाली, "बाईचा आवाज चांगला आहे जी. पण लवकर सांगत नाई." हवालदारांनी आणखी दोन कॅसेटी ऐकल्या. तिसरीत नुसती वीणा होती. त्यांचं डोकं दुखायला लागलं असावं. त्यांनी वहीत माझं नाव, गाव आणि पुढे 'गाणी समजली नाहीत' असं लिहिलं आणि मला सोडलं.

आलापल्लीच्या पुढचा रस्ता सागाच्या झाडांमधून जातो. पानं एवढी मोठी की एकात दोन माणसांचा भात मावेल. त्या रस्त्याने माझ्या कंबरेचं काय केलं ते पुढे कामाला आलं, सांगेनच.

सिरोंचा

नसीम आपाने दारातच म्हटलं, "लोक इथी नदी पाहाले येते, देवाले येते. तू न्हाव्याले भेटाले आला." मग हात धुवायला पाणी दिलं. घरी आम्ही आमची हिंदी बोलतो. ती इथं जमेल तशी मराठीत लिहितो आहे. आपाने प्राणहितेतले मासे अंबाडीच्या भाजीत शिजवले होते. आमच्याकडे अंबाडी म्हणजे गरिबाची भाजी, डाळीत घालून खातो. इथं तिला पाहुण्यासमोर मानाने वाढतात. तिखट इतकं की दुसऱ्या घासाला माझी खरी सर्दी झाली. भाताच्या बाबतीत मात्र ब्रह्मपुरी आणि सिरोंचा एकाच धर्माचे. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी परत भात.

राजय्याचं दुकान बस स्टँडजवळ होतं. एक खुर्ची, एक आरसा, गिऱ्हाइकांना बसायला लाकडी बाक. राजय्या साठीचा, सडपातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बापाकडून वस्तरा आणि सनई दोन्ही शिकला होता. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लाव."

मी पहिली कॅसेट लावली. बाईने तोंड उघडलं न उघडलं तोच राजय्या म्हणाला, "तोडी. काढ." दुसरी लावली. "कल्याणी. काढ." तिसरी. "हे पण कल्याणी, पण म्हातारा गाऊन राह्यला. काढ." मी थक्क झालो. वीज गेलेली होती, दुकानात उकाडा, पण टेप सेलवर चालत होता. प्रत्येक नाव मी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून त्या त्या कॅसेटीवर ठेवत गेलो. चिकटवायचं नंतर, असं म्हटलं. चार वाजेपर्यंत सव्वीसही झाल्या. बाकावर कॅसेटींची रांग, प्रत्येकीवर पांढरी चिठ्ठी. मनात म्हटलं, उद्याची पहिली बस पकडू.

तेवढ्यात वीज आली आणि छताचा पंखा पूर्ण वेगात फिरला.

सगळ्या चिठ्ठ्या उडाल्या. काही आरशाला चिकटल्या, काही खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या गालावर, बाकीच्या खाली पडलेल्या केसांत. मी गुडघ्यावर बसून त्या गोळा केल्या. पण कोणती कुठली हे आता कोण सांगणार?

"राजय्याभाऊ, पुन्हा एकदा," मी म्हणालो.

राजय्याने गिऱ्हाइकाच्या गालावरची 'मोहनम्' काढून माझ्या हातात दिली आणि मान हलवली. "मी आता नाई सांगत."

"काऊन?"

"आज पंख्यानं उडवलं. उद्या बसमधी उडाल्या तर तू अर्ध्या रस्त्यातून मले बोलावशील का? आता तू ओळखाचं शिक. मी फक्त बरोबर का चूक सांगतो."

"मले कसं येईल, भाऊ? मी टेपवाला."

"मी न्हावी आहो," राजय्या म्हणाला.

पुढचे तीन दिवस मी सकाळी आठ ते संध्याकाळपर्यंत त्या बाकावर बसून होतो.

शिकवण्याची त्याची तऱ्हा अशी की आधी मला माहीत असलेल्या रागांची नावं विचारली. मी भूप म्हणालो. त्याने सनई काढून दोन ओळी वाजवल्या. "हे?" हेच, मी म्हणालो. "आमच्याकडे मोहनम्. तुझा मालकंस तो आमचा हिंदोळम्." मी खूश झालो, म्हटलं, नुसती नावंच तर बदलायची आहेत. तर म्हणाला, "थांब. तुझी भैरवी घेऊन नदीपार ये, तिचे सूर इथी तोडीचे होते. आमची भैरवी दुसरीच बाई आहे. आणि तुझी तोडी इथी आली तर तिचं नाव इतकं लांब होते की बोलता बोलता दाढी वाळते." आमच्याकडे हिंदूंच्या लग्नात नवरीचं नाव बदलतात, तसंच हे. पण नवरीचं जुनं नाव गावात दुसऱ्याच बाईचं असलं तर काय गोंधळ होईल, तो माझ्या डोक्यात झाला.

मग त्याने नावं बाजूला ठेवली आणि सूर कसे हलतात ते ऐकायला लावलं. तोडीचा गंधार जागेवर थांबत नाही, सारखा हलत राहतो. मी म्हणालो, "आलापल्लीच्या बसच्या मागच्या सीटवर बसल्यासारखा." राजय्या पहिल्यांदा हसला. "हाव. तोच. विसरू नको." कंबर अजून दुखत होती, विसरणं शक्यच नव्हतं. त्या दिवसापासून तोडी मला चुकली नाही.

कल्याणी आणि शंकराभरणम् मात्र छळत होते. दोन्हीत सूर तेच, फक्त एक मध्यम वेगळा. कल्याणीचा मध्यम चढा. राजय्या म्हणायचा, "त्या एका सुरासाठी थांब. तो येईपर्यंत तोंड उघडू नको." मी थांबायचो, थांबायचो आणि बरोबर तो सूर येऊन जायच्या वेळी कोणीतरी बाकावरून विचारायचं, "भाई, तुमच्याकडे धान कसं आहे यंदा?"

त्या बाकाचा त्रास निराळाच होता. दाढीला आलेली माणसं आपापला नंबर सोडून ऐकत बसायची. दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीतले एक शिपाई माझ्याआधी हंसध्वनी ओळखून गेले. मी नाराज झालो तर त्यांनी आपली हनुवटी पुढे केली. तिच्यावर बोटभर लांब जुना व्रण होता. "मले एक अजून ओळखता येते," ते म्हणाले. "हे आनंदभैरवी आहे."

झालं होतं असं की काही वर्षांपूर्वी राजय्या त्यांची दाढी करत असताना रेडिओवर आनंदभैरवी लागली, एक जागा फार सुंदर आली आणि राजय्याची मान हलली. मानेबरोबर हातही हलला. तेव्हापासून दुकानात नियम आहे की वस्तरा हातात असेल तर टेप बंद. त्यामुळे माझं शिक्षण दाढी आणि दाढीच्या मध्ये चालायचं. केस कापताना मात्र गाणं चालू ठेवायला त्याची हरकत नसे. सिरोंच्यात त्या आठवड्यात काही माणसांचे केस थोडे वाकडे कापले गेले असतील, तर त्याला मी जबाबदार आहे.

सगळ्यात शेवटी आरभी आणि देवगांधारी. सूर जवळजवळ सारखेच. मी एक ऐकून दुसरं सांगायचो, मग घाईने बदलायचो, तेही चूक निघायचं. राजय्या वैतागून रस्त्यावर गेला आणि मला चालून दाखवलं. आधी भराभर, सरळ. "हे आरभी. बस सुटून राह्यली, मधी कोणी भेटलं तरी थांबत नाई." मग परत आला तो सावकाश, दोन पावलं टाकून इकडे बघत, तिकडे बघत. "हे देवगांधारी. सासुरवाडीत जेवण झालं, आता घाई कशाची." समोरच्या पानठेल्यावरची माणसं बघत होती. त्यांना काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

नदीपलीकडे

घरून निघाल्यापासून सहाव्या दिवशी राजय्याला पलीकडे कालेश्वरला लग्नात वाजवायचं होतं. "चल," म्हणाला. "टेपमधी ऐकणं वेगळं."

सिरोंच्याच्या खाली प्राणहिता गोदावरीला मिळते. कार्तिकात पाणी उतरू लागलेलं असतं, मध्ये वाळूचे लांब पट्टे वर येतात. एका नदीचं पाणी हिरवट, दुसरीचं मातकट, आणि मिळाल्यावरही बरंच अंतर दोघी अंग चोरून शेजारी शेजारी वाहतात. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या नावेतून आम्ही पार गेलो. पलीकडे आंध्र. पाट्या बदलल्या, चहा बदलला, भात तोच राहिला.

लग्नात राजय्या वेगळाच माणूस होता. पांढरं धोतर, कपाळावर गंध, गाल फुगवून सनई धरली की मांडवातला गलका खाली बसायचा. मी डोल, म्हणजे तिकडचा ढोल, वाजवणाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. एक राग सुरू केल्यावर राजय्याने वाजवता वाजवता माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला भलताच चेव आला. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "कल्याणी."

माझ्यामागे नवरीकडची एक म्हातारी बसली होती, तोंडात विडा. तिने माझ्या खांद्यावर बोट टोचून तेलुगूत काहीतरी म्हटलं. मला त्यातलं 'शंकराभरणम्' तेवढं कळलं. ती पुढे जे बोलली त्यावर आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. डोलवाल्याने मला समजावलं. "ती म्हणते, चढा मध्यम अजून आलाच नाई, तुम्हाला कुठं दिसला?" मी मान खाली घातली. जेवताना त्या म्हातारीने माझ्या पानावर दोनदा पुरण भरून तळलेलं बोंड वाढायला लावलं, म्हणजे राग नव्हता.

जेवण झाल्यावर राजय्या म्हणाला, "मले इथी अजून तीन दिवस वाजवाचं आहे. तू जा. चिठ्ठ्या लिही."

"एकटा? आणि चुकलो तर?"

"ऐकाले किती जण लागते?" तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

परतीच्या नावेत मी पिशवीतून टेप काढला आणि हाताला लागली ती कॅसेट लावली. एक माणूस जाड्या आवाजात गात होता. मी कसलंही नाव मनात आणलं नाही, नुसता ऐकत बसलो. वाळूवर बगळे उभे होते, नावाडी बांबू टेकवत होता. गाणारा वर चढत गेला, गंधारावर रेंगाळला, आणि मग तो मध्यम आला. चढा. कोणी दार ढकलून आत यावं तसा सरळ समोर आला. इतकी वर्षं मी गाण्याच्या यंत्रांत हात घातला होता; मोटार फिरते का, आवाज फाटतो का, एवढंच ऐकलं होतं. नावाड्याला म्हणालो, "कल्याणी आहे."

"हाव का," नावाडी म्हणाला. "मले वाटलं गाणं आहे."

पुढचे दोन दिवस आपाच्या घरी बसून मी एकेक कॅसेट ऐकली आणि चिठ्ठी लिहून लगेच, तिथल्या तिथं, डिंकाने चिकटवली. आपाचा जीव मेटाकुटीला आला. चौथी तोडी लागली तेव्हा ती सांडशी घेऊनच बाहेर आली. "ही बाई काल पण हेच म्हणत होती."

"काल दुसरी होती, आपा. राग तोच."

"मग एकदा ऐकलं ते काय कमी होतं?"

सव्वीसांपैकी पंचवीस चिठ्ठ्या मी छातीवर हात ठेवून चिकटवल्या. एकीवर अडलो. आरभी की देवगांधारी? सहा वेळा ऐकली. दोन पावलं भरभर वाटायची, तिसरं सावकाश. शेवटी बसची वेळ झाली, माझीच घाई होती, म्हणून आरभी लिहिलं.

येताना तेच हवालदार बसमध्ये चढले. पिशवी बघून ओळखलं. "कळली का गाणी?"

"हाव साहेब. ही तोडी, ही कल्याणी, हे मोहनम्."

"आणि ती बाई काय म्हणत होती?"

"ते अजून नाई समजलं," मी म्हणालो. त्यांनी पिशवी परत दिली.

परत ब्रह्मपुरी

अम्मा ठरल्याच्या आधीच, मी परतलो त्याच रात्री आल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेबांना घेऊन दुकानात हजर झाल्या. कॅसेटी घरी नाहीत म्हणजे माझ्याकडे असणार हे त्यांनी ताडलं होतं. मी खोका पुढे ठेवला. चिठ्ठ्या मराठीत, माझ्या अक्षरात. अम्मांनी एक उचलली, दुसरी उचलली. "माझं अक्षर कुठं गेलं?"

मी सगळं सांगितलं. बादली, निळं पाणी, सिरोंचा, पंखा. त्या माझ्या चिठ्ठ्यांवरून बोट फिरवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "लावा."

पहिली कॅसेट, दहा सेकंद, मान हलली. दुसरी. तिसरी. दुकानात येणारी गिऱ्हाइकं दारातच थांबत होती. दहाव्या वर्गाच्या निकालाला मी एवढा घाबरलो नव्हतो. चोवीस झाल्या, पंचवीस झाल्या. मग आरभी. अम्मांनी डोळे मिटले. दहा सेकंद, अर्धं मिनिट.

"हा देवगांधारी," त्या म्हणाल्या. "पण इथं भलेभले फसतात." चिठ्ठीवर स्वतःच्या पेनने काट मारली आणि वर नाव लिहिलं. पंचवीस बरोबर.

मग त्यांना काहीतरी सुचलं. "पण शब्बीरभाई, एवढ्या लांब कशाला गेलात? साहेबांना विचारायचं. त्यांना सगळे राग कळतात."

"साहेबांले सर्दी होती," मी म्हणालो.

साहेब दुकानातल्या एका जुन्या ट्रान्झिस्टरकडे फार लक्ष देऊन बघत होते. अम्मांनी एक कॅसेट उचलली, चिठ्ठीवर अंगठा ठेवला आणि माझ्या हातात दिली. "लावा." गाणं सुरू झालं. तोडी होती. गंधार असा हलत होता की माझी कंबर दुखली. "हा कोणता?" अम्मांनी साहेबांना विचारलं.

साहेबांनी खूप वेळ घेतला. "कांबोजी," ते म्हणाले.

अम्मा हळूच म्हणाल्या, "एकतीस वर्षं रोज संध्याकाळी तुम्ही आधी नाव सांगायचात."

"चिठ्ठी वाचून," साहेब म्हणाले. "लग्नाच्या पहिल्याच महिन्यात एकदा अंदाजाने सांगितलं, बरोबर आलं. तुला इतका आनंद झाला होता की खरं सांगायचं राहून गेलं. मग रोजच राहत गेलं."

अम्मा रागावतील असं मला वाटलं. त्यांनी स्टुलावर बसून चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग सगळा खोका मांडीवर घेतला आणि नखाने एकेक चिठ्ठी काढायला लागल्या. माझी नऊ दिवसांची मेहनत समोरच्या टेबलावर गोळा होत होती. सव्विसावी निघाल्यावर त्या साहेबांना म्हणाल्या, "आता सांगत जा." आणि खोका त्यांच्या हातात देऊन पुढे चालू लागल्या.

त्यानंतर साहेब माझ्या दुकानात यायला लागले. घरी बँकेत जातो म्हणून सांगायचे आणि खिशात एक कॅसेट असायची. मी काम करता करता सांगायचो, हा सूर ऐका, इथं थांबा. साहेबांचा कान माझ्याहून जड. कालव्याचा उतार ते नुसत्या डोळ्यांनी सांगतील, पण मध्यम चढा की उतरा हे सांगताना कपाळावर घाम यायचा. घरी रोज संध्याकाळी चुकायचे. अम्मा 'नाही' एवढंच म्हणायच्या आणि टेप चालू ठेवायच्या.

परवा दुपारी साहेब आले ते चप्पल न काढता थेट आत. "काल हंसध्वनी ओळखला," ते म्हणाले. "चिठ्ठी नाही, काही नाही. नुसतं ऐकून."

"मग अम्मा काय म्हणाल्या?"

"काही नाही. उठली, टेप बंद केला. मला वाटलं, चुकलो." साहेब स्टुलावर बसले. "मग खाली बसून स्वतःच गायला लागली. बराच वेळ गायली. एकतीस वर्षांत माझ्यासमोर कधी गायली नव्हती. मला सगळं कळतं, मी चुका काढीन, अशी तिला भीती वाटायची म्हणे."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. विचारलं, "कोणता राग गायल्या?"

"तेच तर विचारायला आलो," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळी ती मला विचारणार."

आणि डोळे मिटून, एक हात मांडीवर आपटत, त्यांनी मला ते गुणगुणून दाखवलं. सा एका गावचा, प दुसऱ्या गावचा, बाकीचे सूर रस्त्यातच उतरलेले. त्यातून राग ओळखणं माझ्याने शक्य नव्हतं. मी दुरुस्तीला उघडलेला टेप बाजूला सरकवला, दार थोडं लोटून घेतलं आणि म्हणालो, "पुन्हा एकदा म्हणा, साहेब. सावकाश."